खेळाची दिवेलागण



ज्या गुरुजींच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी कधी बसलो नाही. माझी शाळा परभणीला होती, राणीसावरगाव माझं आजोळ. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने मी गुरुजींच्या मैदानावर असायचो. तिथं जे शिकलो ते पुढं वैद्यकीय महाविद्यालयात मला कुणी शिकवलं नाही.

संध्याकाळी उन्हं कलली की शाळेपुढच्या मोकळ्या जागेत चाळीस-पन्नास पोरं जमायची. इकडं आट्यापाट्या, तिकडं हुतूतू, कडेला विटीदांडू, लिंबाखाली लहानग्यांची लंगडी. गुरुजी पायरीवर बसलेले असायचे, गळ्यात शिट्टी. अंधारून यायच्या थोडं आधी ते एक शिट्टी वाजवायचे आणि मोठ्यानं सांगायचे, "शेवटचा डाव!" त्यांच्या मनगटावर घड्याळ होतं, तरी "दहा मिनिटं राहिली" असं ते कधी म्हणाले नाहीत. शेवटचा डाव, एवढंच. तो डाव दहा मिनिटं चालो नाहीतर पंचवीस, गुरुजी थांबायचे. ज्याच्यावर राज्य असेल त्याचं राज्य उतरल्याशिवाय दुसरी शिट्टी वाजायची नाही. ती वाजली की सगळे घरी. वाटेत रेणुकादेवीच्या देवळात घंटा, घरी हातपाय धुणं, शुभंकरोती, भाकरी, झोप.

त्या मैदानावर आम्ही कमी भांडलो नाही. गुडघे फुटले, शर्ट फाटले, रडारड झाली. पण खेळ थांबला म्हणून मी आजीच्या अंगावर धावून गेलो, ताट भिरकावलं किंवा दोन दिवस तोंड फिरवून बसलो, असं एकदाही झालं नाही. आम्ही फार गुणी लेकरं होतो असं नाही. आमचा खेळ पुरा होऊन संपायचा आणि तो संपल्यावर जायला एक ठिकाण असायचं. आज मला याच दोन गोष्टींविषयी बोलायचं आहे. बाकी जे बोलेन ते त्याच्याच अनुषंगानं.

मी लहान मुलांचा डॉक्टर आहे. परभणीत दवाखाना सुरू केला तेव्हा आयाबाया लेकरांना जुलाब, गोवर, न्यूमोनिया, कुपोषण यासाठी आणायच्या. ते आजार अजून गेलेले नाहीत. पण गेल्या पाच-सहा वर्षांत एक नवीन वाक्य दवाखान्यात आलं आहे. लेकराला ताप नसतो, पोट ठीक असतं, वजन बरं असतं. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघून सांगते, "डॉक्टर, मोबाइल घेतला की अंगावर यायलंय." गंगाखेडची आई हेच सांगते, पालमची हेच, पूर्णेची हेच. एक आई म्हणाली, "आधी असं नव्हतं हो हे लेकरू." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. हरवलेलं माणूस शोधायला आल्यासारखी ती बोलत होती.

फोन त्यांच्या हातात कुणी दिला, हे आधी प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि इंटरनेट एकाएकी स्वस्त झालं. तरी खेड्यातल्या घरात फोन बापाच्या खिशातच असायचा. मग २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. अभ्यास मोबाइलवर येऊ लागला. शेळी विकून, हातउसने करून आपण लेकरांसाठी फोन घेतले, आणि ते बरोबरच होतं, कारण दुसरा रस्ता नव्हता. ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग २०२१ च्या ऑक्टोबरात आणि पहिली ते चौथीचे त्या डिसेंबरात उघडले. दीड वर्षाहून अधिक काळ आपण लेकरांना रोज सांगत होतो, मोबाइल हीच शाळा आहे. डिसेंबरात आपण त्यांना सांगू लागलो की मोबाइल वाईट आहे. त्यांचा गोंधळ उडाला असेल तर त्यात त्यांचा काय दोष?

'प्रथम' संस्थेचा 'असर' अहवाल आपल्यापैकी शिक्षकांना माहीत असेल. २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलामुलींना विचारलं होतं. ८२ टक्क्यांहून जास्त जणांना स्मार्टफोन चालवता येत होता. मागच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारे ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के. त्याच्या आदल्या वर्षीच्या अहवालात आणखी एक आकडा होता, तो मला जास्त टोचला. १४ ते १८ वयातल्या फोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के आणि मुली १९.८ टक्के. म्हणजे मुलींचं बरं चाललंय असं कुणी म्हणेल. मी म्हणणार नाही. भावाच्या हातात फोन असतो तेव्हा बहिणीच्या हातात भांडी असतात. मैदान तिला आधीच बंद झालेलं असतं. मुलगा चिडतो म्हणून त्याला दवाखान्यात आणतात. मुलगी गप्प होते, आणि गप्प मुलगी घराला सोयीची वाटते. तिला कुणी आणत नाही. हा विषय आजचा नाही, पण तो सोडून पुढं जायला माझं मन धजत नाही.

आता त्या खेळाकडे येतो. आपल्यातल्या किती मोठ्या माणसांनी लेकराशेजारी बसून तो खेळ शेवटपर्यंत पाहिला आहे? मी पाहिला, कारण एका मुलानं मला सुनावलं होतं, "तुम्हाला माहीतच नाही तर तुम्ही कशाला सांगता?" त्याचं म्हणणं बरोबर होतं. आपल्या भागात सगळ्यात जास्त चालतो तो फ्री फायर, कारण तो हलक्या, स्वस्त फोनवरही चालतो. पन्नास खेळाडू एका बेटावर उतरतात. हत्यारं शोधायची, लपायचं, मारायचं, बेटावरची सुरक्षित जागा हळूहळू आवळत जाते आणि शेवटी एक जण किंवा एक चौकडी उरते. सगळा खेळ साधारण दहा मिनिटांचा. चौकडीला मुलं स्क्वाड म्हणतात. त्यातला एक राणीसावरगावचा, एक अहमदपूरचा, दोघं आणखी कुठले. कानात एकमेकांचे आवाज असतात. "मागं बघ, मागं बघ!" "मला उचल!" जो पडतो त्याला साथीदार उचलतात. बाजूला बसून ऐकलंत तर तुमच्या लक्षात येईल, हे हुतूतूच आहे. तीच ईर्षा, तोच जीव तोडून केलेला बचाव, तसंच गड्यासाठी धावून जाणं. या खेळाला मूर्खपणा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. खेळण्याची भूक माणसाच्या पोराला उपजतच असते. तुकोबांच्या गाथेत विटीदांडू, टिपरी, हमामा, फुगडी अशा खेळांवर अभंग आहेत. खेळ क्षुल्लक असता तर त्या माणसानं देवाकडे जायची वाट त्यातून दाखवली नसती.

फरक आहे तो शेवटात. हुतूतूचा डाव संपला की दम लागायचा, पाय दुखायचे, अंधार पडायचा. मैदानाला स्वतःचा उजेड नव्हता. पडद्याला स्वतःचा उजेड आहे, त्याला संध्याकाळच होत नाही. दहा मिनिटांचा डाव संपतो, अंगठ्याच्या एका दाबात पुढचा सुरू होतो, आणि हे आपोआप घडत नाही, तसं मुद्दाम बांधलेलं असतं. रोज हजेरी लावली तर बक्षीस, ते चुकलं तर गेलं. ठरावीक दिवसांचा हंगाम आणि त्यात चढायची रँक, हंगाम संपला की पुन्हा खालून सुरुवात. बक्षिसांच्या कुठल्या पेटीत काय निघेल ते आधी कळत नाही. कधी मिळतं, कधी मिळत नाही, आणि कधी मिळेल हे ठाऊक नसल्यामुळंच हात थांबत नाही. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर हे दाखवून दिलं, त्याला आता कित्येक दशकं झाली. दाणा दर वेळी मिळाला तर कबूतर निवांत असतं. कधीतरी मिळाला तर ते टोचत राहतं. त्या पेट्यांमधला जुगार ओळखून बेल्जियमनं २०१८ मध्ये पैसे घेऊन उघडायच्या अशा पेट्यांना आपल्या देशात मज्जाव केला.

लेकराच्या शरीरात काय होतं? १९९८ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या संशोधकांनी आठ पुरुषांना रणगाड्याचा एक साधा खेळ खेळायला लावून त्यांच्या मेंदूची चित्रं घेतली. खेळताना मेंदूत डोपामिन नावाचं द्रव्य वाढतं, असं त्यांना दिसलं. हा प्रयोग लहानसा होता, आणि त्याचा आधार घेऊन "गेम म्हणजे दारूच" असं जे सांगितलं जातं ते मला पटत नाही. डोपामिन आवडीचं जेवण समोर आल्यावरही वाढतं. त्यापेक्षा साधी गोष्ट बघा. खेळताना छाती धडधडत असते, तळहातांना घाम असतो, श्वास वर असतो. शरीर लढाईत असतं. त्या क्षणी मागून एक हात येतो आणि फोन ओढून घेतो. लढाई संपलेली नसते, फक्त रणांगण नाहीसं होतं. अंगात उसळलेलं ते सगळं जाणार कुठं? समोर आई असते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझा मुलगा तेरा वर्षांचा होता. रात्रीचे साडेनऊ झाले होते, मी दवाखान्यातून थकून आलो होतो, त्याला तीनदा हाक मारली. चौथ्यांदा मी त्याच्या हातातून फोन घेतला आणि भिंतीवर फेकला. तो माझ्या अंगावर आला नाही. तो थरथरत उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, ते तिघं माझ्यामुळं हरले." मग आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्यांच्या लेकरांना तपासून मी औषध लिहून देतो, पण माझ्या लेकरानं डाव अर्धा टाकण्याची लाज मला बोलून दाखवली तेव्हा मला गुरुजी आठवले. राज्य उतरल्याशिवाय ते शिट्टी वाजवत नव्हते. मी तेवढंही केलं नाही. त्या रात्रीची चूक माझी होती आणि ती मला अजून बोचते.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी अगदी लहान, एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या घरी पडदा बंद करतानाचे प्रसंग अभ्यासले. आईबापांना वाटतं, "दोन मिनिटांत बंद करायचं हं" असं आधी सांगितलं की मूल तयार होतं. निघालं उलटंच. अशा इशाऱ्यानंतर रडारड वाढत होती. पण रोजच्या क्रमातला भाग म्हणून, किंवा कार्यक्रमाचा भाग संपला म्हणून पडदा बंद झाला, की मुलं सहज उठत होती. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून बराच वेळ तसाच बसून राहिलो. शाळेच्या पायरीवर बसलेल्या माणसाला हे कुठल्याही अभ्यासाशिवाय कळलं होतं. दोन मिनिटं हे मोठ्यांचं माप आहे. खेळणाऱ्याचं माप डाव आहे. म्हणून मी आता आईबापांना सांगतो, वीस मिनिटं देऊ नका, दोन डाव द्या. खेळ सुरू व्हायच्या आधी ठरवा. पहिला झाला की शेजारी जाऊन बसा, "हा शेवटचा ना?" एवढंच विचारा, आणि तो पुरा होऊ द्या. तो जिंकला की हरला तेही विचारा. पहिले आठ-दहा दिवस भांडण होईल. मग कमी होतं. सगळ्यांचं होतं असं नाही, पण बऱ्याच घरांत झालेलं मी पाहिलं आहे.

"पण डॉक्टर, दिवसाला किती तास?" हा प्रश्न मला प्रत्येक सभेत येतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं मार्गदर्शन असं आहे: दोन वर्षांखालच्या बाळाला पडदा अजिबात नको, दोन ते पाच वर्षांत एक तासाच्या आत, पाच ते दहा वर्षांत दोन तासांच्या आत. लहानग्यांच्या बाबतीत मी त्यावर ठाम आहे. भरवताना बाळासमोर फोन धरणाऱ्या आईला मी दर वेळी टोकतो. मोठ्या मुलांच्या बाबतीत मात्र तास मोजून पुरं पडत नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये जवळजवळ ३९ हजार प्रौढ खेळाडूंचा खेळण्याचा खरा वेळ कंपन्यांकडून घेऊन तपासला. निव्वळ वेळेचा मनाच्या स्वास्थ्यावर परिणाम नगण्य निघाला. फरक पडत होता तो कशासाठी खेळतो यानं, आवडीनं खेळतो की खेळल्यावाचून राहवत नाही म्हणून. तो अभ्यास मोठ्या माणसांचा होता, तो जसाच्या तसा लेकरांना लावता येणार नाही. पण माझ्या टेबलासमोर बसणाऱ्या मुलांशी तो जुळतो. दीड तास खेळून हसत जेवायला येणारं पोर मी पाहिलं आहे आणि अर्धा तास खेळून घर डोक्यावर घेणारंही.

जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंगचा विकार २०१९ मध्ये आजारांच्या यादीत घेतला आणि १ जानेवारी २०२२ पासून ती यादी लागू झाली. त्यातही तासांचा आकडा नाही. खेळावरचा ताबा सुटणं, जेवणखाण, शाळा, मित्र या सगळ्यांच्या वर खेळ जाऊन बसणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं, अशी त्याची लक्षणं आहेत. इथपर्यंत पोहोचणारी मुलं थोडी असतात, पण ती असतात. त्यांना रागावून उपयोग नाही, नवस-उताऱ्यानंही उपयोग नाही. त्यांना मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावं लागतं. बंगळूरच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून यासाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग आहे. तिकडं जाणं सगळ्यांना शक्य नाही. पण १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे. तो फुकट लागतो, मराठीत बोलता येतं, तो लिहून घ्या. लेकरू "मला जगायचं नाही" असं बोललं, तर ते मोबाइलसाठीचं नाटक समजू नका. त्याच दिवशी दवाखान्यात या.

आणखी एक गाठ सोडवायची आहे. गेममुळं लेकरू चिडकं झालं, असं आपण म्हणतो. कित्येकदा चिडकं, उदास, एकटं पडलेलं लेकरू गेमकडे गेलेलं असतं. वर्गात वाचता येत नाही म्हणून रोज मान खाली घालणारा मुलगा रात्री त्या बेटावर पहिल्या दहांत येतो. दिवसभरात त्याला कुणी शाबास म्हटलं असेल तर ते फक्त त्या खेळानं. तो फोन काढून घेतलात तर त्याच्याकडे उरतं काय? आधी त्याला वाचायला शिकवा.

झोपेची गोष्ट मात्र सरळ आहे, तिथं गाठबीठ काही नाही. सहा ते बारा वयात रात्री नऊ ते बारा तास झोप लागते, तेरा ते अठरात आठ ते दहा. मुलं मला सांगतात, "दिवसाचं नेट संध्याकाळीच संपतं, बारा वाजले की पुन्हा येतं." म्हणून गोधडीत डोकं घालून बारा वाजण्याची वाट बघतात. सकाळी त्यांचं जे चिडकेपण दिसतं त्यातलं अर्धं निव्वळ अपुऱ्या झोपेचं असतं. राज्याच्या शालेय शिक्षण विभागानं २०२४ च्या फेब्रुवारीत चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असं सांगितलं, कारण मुलं उशिरा झोपू लागली आहेत. शाळेची वेळ पुढं गेली. झोपेची वेळ मागं आणायचं काम घराचं आहे. रात्री घरातले सगळे फोन, बापाचासुद्धा, चुलीजवळच्या फळीवर. अंथरुणात एकही नाही. यात मी कसलीच सूट देत नाही.

एकट्या घराला हे जड जातं, म्हणून काही गावांनी मिळून केलं. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथं संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. टीव्ही, मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. त्या दीड तासात मुलं अभ्यास करतात, मोठी माणसं बोलत बसतात. सरपंच विजय मोहिते यांनी ही कल्पना मांडली तेव्हा पुरुषांनी थट्टा केली होती, बायकांनी ती उचलून धरली. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडीच्या ताई, शिक्षक घरोघरी फिरले. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामसभेनं दुसरा रस्ता धरला: अठरा वर्षांखालच्यांना मोबाइलच नाही. नेवासे तालुक्यातल्या सौंदाळ्यानं २०२४ मध्ये शिव्यांना बंदी केली आणि मुलांच्या अभ्यासाच्या वेळेत मोबाइल बाजूला ठेवायचं ठरवलं.

यातलं वडगावचं मला मनापासून आवडतं. तो भोंगा म्हणजे गेलेली दिवेलागण परत आणणं आहे. आणि तो सगळ्यांसाठी आहे. आजोबांची मालिका थांबते, बापाचं व्हॉट्सॲप थांबतं, मग लेकराचा खेळ थांबतो. एकट्यावर कुणी हात टाकत नाही. पुऱ्या बंदीबद्दल मला शंका आहे. २०२० च्या सप्टेंबरात पबजी या तशाच खेळावर देशभर बंदी आली. पुढच्या वर्षी तोच खेळ दुसऱ्या नावानं आला, २०२२ मध्ये पुन्हा गेला, २०२३ मध्ये अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची अट घालून पुन्हा आला. बापाचं वय टाकायला कितीसा वेळ लागतो? दक्षिण कोरियानं २०११ मध्ये सोळा वर्षांखालच्यांना मध्यरात्री ते सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळ बंद केले होते. दहा वर्षांनी तो कायदा त्यांनीच मागं घेतला. चीननं २०२१ मध्ये शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सणासुदीला रात्री आठ ते नऊ एवढीच मुभा ठेवली. तसलं सरकार आपल्याला नको आहे. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर संसदेनं २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा करून बंदी आणली, ती मात्र हवीच होती. कापसाच्या पट्टीचे पैसे रमीत घालवणारे बाप मी पाहिले आहेत, आणि त्यांची लेकरं मग दवाखान्यात कशी येतात तेही.

मोबाइलवरचा खेळ फक्त लेकरांना गिळतो असं समजू नका. २०१९ च्या मार्चमध्ये आपल्या शेजारच्या हिंगोलीत रेल्वेरुळाजवळ पबजी खेळण्यात गुंगलेल्या दोन तरुणांना गाडीनं उडवलं. गाडीचा आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. ती बातमी वाचल्यापासून इअरफोन घालून रस्त्याच्या कडेला बसलेलं पोर दिसलं की मी गाडी थांबवतो आणि उतरून त्याच्याशी बोलतो.

शेवटी एका मुलाबद्दल सांगतो. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव सांगत नाही. तो बारा वर्षांचा. दिवाळीनंतर आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेले, तो आजीजवळ. आजीनं त्याला आणलं, कारण त्यानं तिचा चष्मा फेकून फोडला होता. रोज रात्री असंच होतं, ती म्हणाली, नऊ-दहाच्या सुमाराला त्याच्या अंगात काय शिरतं कळत नाही. मी आजीला बाहेर बसवलं. पोरगं बराच वेळ बोललं नाही. मग हळूहळू बोलू लागलं. फडातून ट्रक भरून गेला की बाप फोन करतो. कधी नऊला, कधी अकराला, कधी करतच नाही. फोनची वाट बघत पोरगं फोन हातात धरून बसतं. नुसतं बसवत नाही म्हणून खेळतं. आणि मध्येच बापाचा फोन येतो. डाव रंगात आलेला असतो, अंगठा आपोआप लाल बटणावर जातो. डाव संपल्यावर ते परत लावतं, तेव्हा बापाचा फोन बंद लागतो. त्याला पहाटे तीनला उठायचं असतं. आजीचा चष्मा अशा एका रात्री फुटला होता.

तो फोन आजीनं काढून घ्यावा असं मी कसं सांगणार? मी त्याच्यासमोर बापाला फोन लावला. कोपीवर स्वयंपाक सुरू असतो त्या वेळेला, सात वाजता, आईनं फोन करायचा असं ठरलं. बापाला जमलं तर तो बोलेल, नाहीतर आई. त्याआधी दोन डाव. बोलणं झालं की फोन आजीच्या पत्र्याच्या पेटीत. पोरानं एकच विचारलं, "आणि सातला नाही आला तर?" मी आईला विचारलं. ती म्हणाली, "येईल." पुढं दोनदा तो आला नाही, एकदा रेंज नव्हती, एकदा गाडी उलटली होती. त्या दोन्ही रात्री त्रास झाला. बाकीच्या रात्री बऱ्या गेल्या, असं आजीनं सांगितलं.

मार्चमध्ये हंगाम संपून पट्टा पडल्यावर बाप त्याला घेऊन दवाखान्यात आला. तपासण्यासारखं काही नव्हतं, नुसतं भेटायला आले होते. गर्दी होती म्हणून त्यांना बाहेर बाकावर बसावं लागलं. मी दारातून पाहिलं, दोघांची डोकी एका फोनवर वाकलेली. बापाचे कोयत्यानं घट्टे पडलेले अंगठे त्या काचेवर नीट चालत नव्हते. मला बघून तो उठायला लागला. म्हणाला, "डॉक्टर, हे मला शिकवायलंय. मला काही जमंना."

पोरगं हसत होतं. "पप्पा पहिल्याच मिनटाला आऊट होतेत," ते म्हणालं, आणि बापाच्या दंडाला धरून त्यानं त्याला परत खाली बसवलं, कारण डाव अजून संपला नव्हता. मी आत जाऊन पुढच्या पेशंटला बोलावलं.